ढगे सरांची मोटार आणि माझा रंग

मनोहरराव ढगे सर यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या अध्यापनाविषयी अधिकाराने लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्यांचा हाताखालचा सहकारी; मोटारीवरचा लेख संपादकांनी माझ्या गळ्यात घातला. तिच्या बाबतीत माझ्या हातून काय घडले हे त्यांना ठाऊक नसावे.

पहिली ओळख त्या मोटारीपाशीच झाली. वर्ध्यातल्या एका तांत्रिक प्रशिक्षण संस्थेत मी फिटर शाखेला निदेशक म्हणून रुजू झालो, त्या दिवशी ती फाटकाजवळ उभी होती. विलायती, स्वातंत्र्याच्या आधीची. मूळचा हिरवा रंग कुठे राखाडी झालेला, कुठे पार उडालेला, मडगार्डला पोचे. शहाणपणा दाखवायची खाज मला तेव्हाही होतीच. मी विचारले, "सर, गाडी रंगवणार केव्हा?"

सरांनी चष्म्यावरून पाहिले. "काऊन? तिनं तुह्यापाशी तक्रार केली काय?"

सर बिघडलेला भाग बदलत. नुसता वाईट दिसणारा भाग बदलत नसत. हा फरक त्यांनी आम्हा सगळ्यांच्या गळी उतरवला. इंजिन, ब्रेक, वायरिंग त्यांनी स्वतः नीट केले होते आणि दर रविवारी गाडी सरांच्या नालवाडीच्या घरून हिंगणी गावापर्यंत जाऊन येई. सीटला त्यांच्या आईने गोधडीच्या दोऱ्याने घातलेले टाके मात्र तसेच होते. एकदा नागपूरचे एक हौशी गृहस्थ आले. गाडी द्या, अगदी नव्यासारखी करतो म्हणाले. सरांनी त्यांना चहा दिला, एक चक्कर मारून आणली आणि फाटकाशी हात जोडले. "नवीनच पाह्यजे तं नवीनच घ्या ना साहेब. हिले काऊन त्रास देता?"

त्यांच्या चांगुलपणाचे दाखले पुष्कळ देता येतील. मी एकच देतो. माझ्या आईला अचानक दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि ऑटो मिळेना. सर मोटार घेऊन दारात हजर. वाटेत आईला ओकारी झाली, सीट खराब झाली. मी शरमून गेलो. सर म्हणाले, "बाप्पा, ही डॉक्टरची गाडी हाय. हिले सवय हाय." त्यांचे वडील हिंगणीचे डॉक्टर, याच गाडीतून ते खेडोपाडी रुग्ण पाहायला जात. हे मला त्या दिवशी कळले.

आता दसऱ्याचे सांगतो. दसऱ्याला वाहन धुवायचे, पुजायचे, ही आपली रीत. सरांच्या ऋणातून थोडे उतराई व्हावे म्हणून मी सकाळीच त्यांच्या घरी गेलो. सर झेंडूची फुले आणायला बाजारात गेले होते. मी गाडी धुतली, पुसली. ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या कडेला तळहाताएवढा रंग पार झिजून पत्रा उघडा पडला होता. म्हटले, गंज धरेल. खिशात मुद्दाम जुळवून आणलेल्या हिरव्या रंगाची डबी होती. दोन हात मारले. काय सफाई! मीच माझ्यावर खूश.

सर आले आणि फुलांची पिशवी हातात धरून तिथेच उभे राहिले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अरे गजानन, थे बाबांच्या कोपराची जागा होती ना."

डॉक्टरसाहेब खिडकीत कोपर टेकून गाडी चालवत. तीस-पस्तीस वर्षांत त्या कोपराने रंग खाल्ला होता. त्यांचा एकही बरा फोटो घरात नव्हता. होती ती एवढीच खूण. सर स्वतः गाडी चालवताना तिथे कधी हात ठेवत नसत. आणि मी तिच्यावर रंग फासला होता.

"थिनरनं पुसतो सर," मी म्हणालो.

"नको. आजूबाजूचा जुना रंगबी जाईन." सरांनी हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले, मला आपट्याचे पान दिले. रागावले नाहीत. त्यांनी खडसावले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर मी त्यांच्या घरी जाणे टाळू लागलो. संस्थेत कामापुरते बोलणे. वर्ष असेच गेले. मग एका रविवारी दारात हॉर्न वाजला. "येत काऊन नाई बे? लपून राह्यला काय? बस गाडीत."

हिंगणीच्या रस्त्याला लागल्यावर मी पाहिले. सरांचा उजवा कोपर खिडकीत होता, नेमका माझ्या रंगावर. सर म्हणाले, "बाबांची जागा होती तवा माही हिंमत नाई झाली. तुनं रंग लावला, मंग म्हटलं, आता ठेवाले हरकत नाई."

माझी चूक चूकच होती. ती मोठ्या मनाने पोटात घालणे हा सरांचा गुण. तेव्हापासून दर रविवारी तो कोपर तिथे असतो. परवा मी मुद्दाम निरखून पाहिले. माझा हिरवा रंग मधोमध झिजला आहे आणि खालचा पत्रा दिसू लागला आहे. चारी कडांनी अजून बोट-बोटभर रंग शिल्लक आहे. सर, तो झिजवायला तुम्हाला पुष्कळ वर्षे लागोत, आणि त्या सगळ्या रविवारी तुमचे हातपाय धडधाकट असोत.