सुकदेव विंगेकडे पाहत होता

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. मुलांनाही नाही. तुम्हाला सांगतोय — आणि तुम्हालाच का, ते माझं मलाही नीट कळलेलं नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचे दिवस. जळगावच्या एका कापसाच्या जिनात मी कारकून होतो. कापूस संपला की वैशाखात जिनाचं आवार रिकामं पडायचं, आणि तिथे उघड्यावर आमची हौशी मंडळी जुनी संगीत नाटकं करायची. माणसं पार पारोळ्याहून बैलगाड्या जुंपून यायची. जिनाचे मुकादम, नाना, सगळा कारभार पाहायचे. मी विंगेत उभा राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायचो. आणि सुकदेव गायचा.

सुकदेव माझा मित्र. पारोळ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. घरची बोली अहिराणी, त्यामुळे नाटकातली भाषा त्याच्या तोंडात बसायची नाही. मध्येच 'आहे'चं 'शे' व्हायचं आणि लोक हसायचे. त्या हसण्याचा त्याला फार धसका. मी त्याला शिकवलं — दुपारच्या दुपार समोर बसवून, एकेक शब्द. आमचं ठरलेलं होतं, पुण्याची मोठी नाटक कंपनी गाठायची. दोघांनी. हे बोलणं त्यानंच काढलेलं, बरं का. मी नाही.

त्या उन्हाळ्यात अशाच एका कंपनीचे मालक जळगावात आले. सुकदेवनं आजवर राणीच केलेली. त्या दिवशी तो पहिल्यांदा राजा होणार होता. दुपारी चहा पिताना मालक मला सहज म्हणाले, "तुमचा सुकदेव आज निभावला, तर उद्या आमच्याबरोबर निघतोय. सोबत कोणी आहे का विचारलं, तर म्हणाला, मी एकटाच."

एकटाच.

मी त्याला काही विचारलं नाही. विचारायला काय झालं होतं? तो समोरच तर होता. संध्याकाळी रंग लावताना नेहमीसारखा म्हणाला, "तू विंगमा शे ना भाऊ, मंग माले भ्याव नही." मनात आलं — हा मला शेवटपर्यंत वापरणार, आणि उद्या न सांगता जाणार.

तिसऱ्या अंकात तो अडला. भर दरबारात. वाक्य माझ्या बोटाखाली होतं. त्यानं विंगेकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. पान चुकलो, ओळ सापडेना — असलं काही नव्हतं. मी गप्प राहिलो. ठरवून. पेटीवाला तोच सूर पुन्हा पुन्हा धरत राहिला, आणि मी गप्प. शेवटी राजाच्या वेशातला सुकदेव, साऱ्या आवाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "सांग ना भाऊ, पुढे काय शे?"

सगळं आवार हसलं. त्याच्या गावची माणसंसुद्धा.

मालक अंक संपायच्या आत उठून गेले. नानांनी मला सगळ्यांदेखत विचारलं, "वाक्य दिलं होतंस का रे?" मी तोंड उघडायच्या आत सुकदेव बोलला, "भाऊनी सांगं व्हतं, नाना. माले आयकू उनं नही."

त्याला खरंच तसं वाटलं? की माझे मिटलेले ओठ त्यानं पाहिले होते? मी कधी विचारलं नाही. तो एकटाच का निघाला होता, तेही नाही. त्यानं मला फसवलं होतं, हे खरं. पण त्यामुळे माझा दोष काही कमी होत नाही.

तो पुन्हा रंगमंचावर चढला नाही. गाणंही सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात नानांनी राजाचं काम मला दिलं. माझा गळा बेताचा — तरी मी ते घेतलं. सुकदेव बघायला यायचा.

गेल्या वर्षी तो वारला. त्याच्या घरी भेटायला गेलो, तर त्याचा मुलगा म्हणाला, "आबा, वडील नाटकात होते म्हणे. घरात कधी बोलले नाहीत. कसं गायचे?"

त्याच्यासारखा आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही.

"साधारण," मी म्हणालो.