न चाखता रांधणारी कमलीबाई

आमच्या शाळेची खिचडी फार चांगली असायची, हे मी हल्ली कुणालाही सांगतो. हल्ली सांगायला काही लागत नाही. ज्या दिवशी सांगायची वेळ होती त्या दिवशी मी मान खाली घालून सतरंजीची किनार पाहत बसलो होतो. मी जगदेव, पेशाने शिक्षक, राहायला शिरपूरला. शाळा रिठदच्या पलीकडे एका तांड्यावर. दोन शिक्षकी शाळा, एक्केचाळीस लेकरं आणि पोषण आहार शिजवायला कमलीबाई.

कमलीबाई ही दौलतसिंगची बायको. पूर्वी नवराबायको दर दिवाळीनंतर ऊसतोडीला सांगलीकडे जात. एका हंगामात तिकडे तिचं पोटातलं बाळ गेलं. टोळी थांबली नाही, थांबणारही नव्हती. ती एकटी पाचटाच्या कोपीत पडून राहिली, तेव्हा जवळच्या वस्तीवरची एक ख्रिस्ती बाई आठ दिवस येऊन तिचे रक्ताचे कपडे धुऊन देत होती. कमलीबाईने लाजत विचारलं की ओळख ना पाळख, तुम्ही हे कशासाठी करता. त्या बाईने सांगितलं की करते तुझ्यासाठीच, पण करताना देवाला देते. तो हार-नारळ मागत नाही. दिवसभराचं काम मनापासून त्याच्या हाती दिलं की तीच पूजा. तू ऊस तोडतेस ना, तोही दे. कमलीबाईला धर्मातलं एवढंच समजलं. माझ्या मते समजण्यासारखं तेवढंच असतं, बाकीचं सगळं भांडण्यासाठी.

परत आल्यावर तिने ऊसतोड सोडली आणि शाळेच्या स्वयंपाकाचं काम धरलं. तेव्हा ते काम कुणालाच नको होतं. धुरात बसायचं, घमेल्याएवढी भांडी घासायची, वर लेकरांच्या आया येऊन डाळ पातळ म्हणून बोलणार. येशूला मानते म्हणून तांड्यात थोडी कुजबुज होती, पण चूल पेटवायला कुणी पुढे येत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांचा धर्म तेवढ्यापुरता मोठ्या मनाचा होता. प्रार्थनेची जागा लांब, वाशीमला. राजपाल नावाचे एक पास्टर तिथे भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी मंडळी जमवत. कमलीबाईला महिना-दोन महिन्यांतून एखाद वेळी जाणं व्हायचं. उरलेले दिवस तिची प्रार्थना शाळेच्या किचनशेडमध्ये चालायची, पत्र्याखाली.

ती कशी चालायची ते मी रोज पाहत होतो. सकाळी नऊला येऊन ती तांदूळ निवडायची. सरकारी तांदूळ, खडे असायचेच. दुसरी कुणी असती तर दोनदा पाखडून मोकळी झाली असती. ही परातीत मूठमूठ पसरून बोटाने बघायची. एकदा मी म्हटलं की कमलीबाई, एवढं कोण पाहतंय. ती म्हणाली, ज्याले द्याचं हाय तो पाह्यते. खिचडी शिजली की झाकणावर हात ठेवून डोळे मिटायची, तांड्याच्या गोरमाटी बोलीत दोन शब्द पुटपुटायची आणि मग घंटा वाजवायला सांगायची. अर्धं मिनिटही लागत नसेल.

अडचण एका गोष्टीची होती. ती चव पाहत नसे. नियम असा आहे की लेकरांना वाढायच्या अर्धा तास आधी स्वयंपाकीण आणि शिक्षक, दोघांनी अन्न चाखायचं आणि चव रजिस्टरमध्ये तसं लिहून सह्या करायच्या. पहिल्या आठवड्यातच मी तिच्यावर ओरडलो होतो. 

"देवाच्या आंधी आपन कसं खाव, सर?" ती म्हणाली. "त्याच्यासाठीच त रांधलं. लेकरं जेवले का तो जेवला. मंग माह्यं."

मला हसू आलं. येशूला मानणाऱ्या बाईने ही रीत तिच्या आईच्या चुलीवरून उचललेली होती. आपल्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय कोण चाखतं? देव बदलला तरी हात तेच राहिले होते. मला ते आवडलंही. आवडलं म्हणून मी एक सोय काढली, आणि माझं सगळं पाप त्या सोयीत आहे. चव मी घ्यायची, मीठ कमी असेल तर सांगायचं, आणि रजिस्टरमध्ये माझ्या हाताने लिहायचं: स्वयंपाकी व शिक्षक यांनी चव घेतली, आहार उत्तम. खाली तिची सही. तिला नाव गिरवता यायचं, वाचता येत नव्हतं. पहिल्या दिवशी तिने विचारलं की सर, काय लिवलं? मी म्हटलं, लेकरं जेवली असं लिहिलंय. तिने बोट फिरवत, दम धरून नाव काढलं. लेकरं जेवली याला तिची हरकत कशाला असणार? पुढची अडीच वर्षं ती रोज सही करत राहिली.

यंदा श्रावणात तांड्यावर पोटाची साथ आली. पाऊस, गढूळ पाणी, घरोघरी एक-दोघं आजारी. त्यात आमच्या शाळेची दोन लेकरं. त्यांना उलट्या झाल्या त्या रविवारी, शाळा बंद असताना. पण असल्या वेळी वार कोण बघतो? मदनसिंग हा शाळा समितीचा अध्यक्ष, दौलतसिंगच्या चुलत्याचा मुलगा. त्याची मेहुणी बेबीबाई बहिणीकडे येऊन राहिली होती आणि तिला काम हवं होतं. स्वयंपाकाचं काम आता एवढं नकोसं राहिलं नव्हतं, कारण मधल्या काळात शाळेत गॅस आला होता. चौथीतल्या एका पोराने घरी सांगितलं की खिचडीवाली बाई आपलं रांधलेलं खात नाही, वर हात ठेवून मंतर म्हणते. मदनसिंगला आणखी काय पाहिजे होतं.

मंगळवारी साडेअकराला समितीची सभा भरली, व्हरांड्यात सतरंजी टाकून. सात-आठ माणसं, चार बाया, बाजूला बेबीबाई. खिचडीचं पातेलं तयार होतं, अजून वाढायचं होतं. कमलीबाई त्याच्याजवळ उभी. मदनसिंग तिच्याशी शेवटपर्यंत अदबीने बोलला, त्याचा मला आजही राग येतो. भाभी म्हणाला, तुम्ही म्हणाला. लेकरांच्या जिवाचा सवाल आहे, तुम्ही स्वतः रांधलेलं खात नाही हे खरं का, एवढंच त्याने विचारलं. ती म्हणाली, खरं. लेकरं जेवल्याशिवाय खात नाही. का, तर देवासाठी असतं म्हणून. सभेत कुजबूज झाली. कोणत्या देवासाठी, हे कुणीतरी मागून विचारलं आणि कुणी उत्तराची वाट पाहिली नाही.

त्या चार बायांपैकी एकीनेही म्हटलं नाही की अगं, आपणही भोगाची लापशी आधी चाखत नाही. त्यांच्या चुलीवर तीच रीत होती. मी पुरुषांना दोष देत नाही, त्यांना चूल माहीत नसते. मला मात्र माहीत होतं.

मदनसिंगने तोड काढली. इथं सगळ्यांसमोर एक डाव घ्या, खा, विषय संपला. कमलीबाईने हात जोडले. आधी लेकरांना वाढू द्या, मग पातेलं पुढ्यात ठेवा, सगळं खाते. मदनसिंग म्हणाला की लेकरांवर प्रयोग करायचा का? मग ती माझ्याकडे पाहायला लागली.

माझ्या डोक्यात त्या क्षणी काय होतं ते सांगून टाकतो. तिचा देव नव्हता, तिचं कामही नव्हतं. कपाटातलं चव रजिस्टर होतं. हा वाद लांबला तर रजिस्टर निघेल, आणि रोज खोटं लिहिणारा शिक्षक कोण ते सगळ्यांना कळेल. मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे, पंचायत समितीत बोलावणं येईल, नोटीस येईल. मला फक्त ते लवकर मिटवायचं होतं.

"खाऊन टाका, कमलीबाई," मी म्हटलं. "एक घास त आहे. देव काही रागावत नाही."

तिने माझं ऐकलं. अडीच वर्षं मी जे सांगितलं ते तिने खरं मानलं होतं, हेही मानलं. डाव घेतला, झाकण काढलं, फुंकर न मारता गरम खिचडी तोंडात घातली. गिळताना तिला त्रास झाला. डोळ्यांतून पाणी आलं ते कुणाला खिचडी गरम होती म्हणून वाटलं असेल. दोन मिनिटं सगळे तिच्याकडे बघत बसले, जणू ती आता पडणार आहे. ती पडली नाही. एक म्हातारा उठून धोतर झटकायला लागला, झालं म्हणाला. मीही सुटलो असं समजलो.

मदनसिंग मात्र बसून होता. त्याने चव रजिस्टर आणायला सांगितलं. एक कारण हातचं गेल्यावर दुसरं शोधण्याइतका तो हुशार आहे. मी आणलं. सर, तुम्हीच वाचा, तो म्हणाला. मी वाचलं. स्वयंपाकी व शिक्षक यांनी चव घेतली, आहार उत्तम. कालचं, शनिवारचं, त्याच्या आधीचं. प्रत्येक ओळीखाली कमलीबाईचं नाव, वाकड्या अक्षरांत. भाभी आत्ता म्हणाल्या की कधी चाखत नाही, आणि इथं तर रोज सही, मदनसिंग म्हणाला. म्हणजे खोटं कोण बोललं?

आपण कशाखाली सही करत होतो हे कमलीबाईने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. माझ्याच तोंडून. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिने एवढंच म्हटलं असतं तरी पुरे होतं की सरांनी मला वेगळं सांगितलं होतं. ती म्हणाली नाही. मदनसिंगने मला विचारलं की सर, सही कोणाची आहे? आणि मी, वीस वर्षं लेकरांना खरं बोला म्हणून शिकवणारा माणूस, बोललो तेही अगदी खरंच होतं.

"सही त्यांचीच आहे," मी म्हटलं.

पाच मिनिटांत ठराव झाला. कारणात धर्माचं अक्षर नाही, सगळं कसं स्वच्छ: चव नोंदीत खोटी सही केल्यामुळे. ठराव लिहायचं कामही माझ्याकडेच, कारण सभेचा सचिव मीच असतो. ती खिचडी लेकरांना वाढली नाही, गुरांच्या टोपल्यात गेली. लेकरांना त्या दिवशी बिस्किटं दिली. दुसऱ्या दिवसापासून बेबीबाई आली. ती शिजवताना चारदा चाखते, रजिस्टर आता तंतोतंत खरं असतं, आणि खडे दाताखाली येतात.

मला झोप लागेना म्हणून मी पास्टर राजपालला फोन केला. म्हटलं, तुमची बाई आहे, तुम्ही काही पत्र वगैरे द्या. तो माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. हॉल भाड्याचा आहे, मालक आधीच कुरकुरतो, आम्ही पत्रं द्यायला लागलो तर रविवारी बसायचं कुठे, म्हणाला. शिवाय हे अन्न दाखवणं, आधी न चाखणं ही जुनी मूर्तिपूजेची सवय आहे, ती सुटली हे एका परीने बरंच झालं, असंही म्हणाला. म्हणजे तांड्याला ती परकी वाटली आणि मंडळीला पुरती आपली वाटली नाही. त्या एका घासावर सगळे खूश होते.

तीन आठवड्यांनी घरी महालक्ष्म्या बसल्या. आई, रंगूबाई, पहाटेपासून चुलीपाशी. सोळा भाज्या, आंबील, पुरण. मी सवयीने आंबिलीत बोट घातलं, तर आईने उलथन्याने हातावर मारलं. लक्ष्म्या जेवल्या नाहीत अजून, तुले लाज नाही का, म्हणाली. ती खरंच संतापली होती. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, हात चोळत अंगणात येऊन उभा राहिलो. हेच वाक्य मी त्या व्हरांड्यात उठून म्हणायला हवं होतं. सगळ्यांना ते कळलं असतं, कारण प्रत्येकाच्या हातावर लहानपणी कधीतरी असंच उलथनं बसलेलं आहे.

कमलीबाई मला भेटली ती सोयाबीनच्या सोंगणीत, केनवडकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वावरात. मोटरसायकल लावून मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर गेलो. सात-आठ बाया ओळीने सोयाबीन कापत होत्या, ती मध्ये. मला पाहून विळा हातात ठेवूनच बाहेर आली. मी बरंच पाठ करून गेलो होतो. म्हटलं, चुकलो, मी तुम्हाला खोटं सांगून सह्या घेतल्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांना तसं लिहून देतो. ती म्हणाली, माफ त तवाच केलं सर, ते कराच लागते. लिहून द्यायची गरज नाही, तुमची नोकरी जाईल, लेकरांचं नुकसान होईल. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज मागाहून वाटली. ते पत्र मी आजतागायत लिहिलेलं नाही.

मग काहीतरी बोलायचं म्हणून, तिला बरं वाटेल म्हणून, मी म्हटलं की शाळा गेली तर गेली, हेही काम आहेच, तुम्ही हेही देवाला देत असालच. मला वाटलं ती हसेल.

ती मागे वळून ओळीतल्या आपल्या रिकाम्या जागेकडे बघत होती. दोन्ही बाजूच्या बाया पुढे निघून गेल्या होत्या.

"नाई सर," ती म्हणाली. "तवा त्याच्या तोंडातला घास म्या गिळून घेतला, तवापासून त्याले द्याले हात पुढं होत नाई. हे नुसतं काम हाय."

आणि ती ओळ गाठायला निघून गेली.