आबांची वाजवायची कवळी

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, निलंग्याच्या एका बँडमध्ये उभी हयात क्लॅरिनेट वाजवत होते. सिनेमाचं गाणं ऐकायची त्यांची तऱ्हाच वेगळी. गायक गात असला की हे निवांत सुपारी कातरत बसायचे. कडवं संपून मधलं म्युझिक सुरू झालं की अडकित्ता थांबायचा. तेवढ्यात कुणी भांडं जरी आपटलं तरी त्यांचा पारा चढायचा.

"गाणं समद्यांला येतंय," ते म्हणायचे. "मधला तुकडा ज्याला येतो, त्यानं गाणं ऐकलं म्हणायचं."

मला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी पगार विचारायच्या आधी असाच एक तुकडा गुणगुणायला लावला. मुलगा धर्माबादचा, घामाघूम झालेला. त्यानं तो भलत्याच पट्टीत, पण शेवटपर्यंत गुणगुणला आणि माझं लग्न ठरलं. तोच तुकडा आबांनी माझ्या वरातीत वाजवला. मुलीचा बाप पाहुण्यांना सोडून बँडमध्ये उभा राहिला, म्हणून आईनं आठ दिवस अबोला धरला होता.

दोन वर्षांपूर्वी आबांचे वरचे दात गेले. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांखाली दाबून धरावं लागतं. दात नसले की नुसती हवा निघते. आबांनी क्लॅरिनेटची पेटी कपाटावर ठेवली, हिरड्यांनी भाकरी खायला शिकले आणि मधल्या तुकड्यांबद्दल बोलणंच बंद केलं. मला ते फार लागलं.

यंदा माझ्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं. तिनं आजोबांना फोन केला. "माझ्या लग्नात पण तोच तुकडा पाहिजे. तुम्हीच वाजवायचा."

महिना हातात होता. मी आबांना माझ्याकडे लातूरला आणलं आणि दातांच्या डॉक्टरांकडे कवळी करायला टाकली.

कवळी झाली, ती बघण्यासारखी. सरळ, पांढरीशुभ्र. डॉक्टरांनी कौतुकानं आरसा पुढे केला. आबांनी आरशाकडे पाहिलंसुद्धा नाही. पायाशी ठेवलेली पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडलं, तोंडाला लावलं आणि फुंकलं. नुसता फुसका आवाज. बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावायला लागले. मला हसूही येत होतं आणि कुठं तोंड लपवू असंही झालं होतं.

"घसरतंय," आबा म्हणाले. "माझ्या खऱ्या दातांला वाजवून वाजवून खाच पडली होती. तशी पाडून द्या, डॉक्टर साहेब."

"काका, नव्या दातांना खाच? लोक म्हणतील, डॉक्टरला काम येत नाही!"

"तुम्हाला गाणी आवडतात का?" आबांनी एकदम विचारलं आणि एका जुन्या गाण्याचं नाव घेतलं. लेकीला हवा होता, तो तुकडा त्याच गाण्यातला. "जरा म्हणून दाखवा."

डॉक्टर लाजले, पण गायला लागले. मुखडा संपला, आणि न थांबता, त्यांच्याही नकळत, ते पुढचं म्युझिक गुणगुणायला लागले.

"हाव!" आबा खुर्चीतून अर्धे उठले. "ह्येच! एवढंच वाजवायचंय मला, नातीच्या लग्नात."

डॉक्टरांनी घासायचं मशीन उचललं. "जेवताना त्रास होईल हं, काका."

"जेवायला हिरड्या हायत की. दोन वर्सं त्यांच्यावरच खाऊन राहिलो."

थोडं घासायचं, फुंकून बघायचं, परत घासायचं, असं तासभर चाललं. शेवटी जो सूर निघाला, तो ऐकून कंपाउंडरही हातातलं काम सोडून आत आला.

लग्नाच्या दिवशी भर उन्हात वरात निघाली. हल्लीचे बँडवाले मधलं म्युझिक गाळतात, नाहीतर नाचणाऱ्यांचे पाय थांबतात. कीबोर्डवाला त्या जुन्या गाण्याच्या मुखड्यावरून थेट कडव्यावर उडी मारणार, तोच आबांनी हात वर केला आणि क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

नाचणारे खरंच थांबले. पायांचं काय करावं तेच कुणाला कळेना. आबा डोळे मिटून वाजवत होते. नवरी गाडीतून अर्धी बाहेर आली होती, आबांनी आग्रहानं बोलावलेले दातांचे डॉक्टर मान डोलवत होते, आणि माझा नवरा पाहुण्यांच्या मधोमध उभा राहून भलत्याच पट्टीत शेवटपर्यंत गुणगुणत होता. मी रडले आणि हसले, दोन्ही एकदमच. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

पंगतीला बसल्यावर आबांनी कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि क्लॅरिनेटच्या पेटीत ठेवून कडी लावली.

"काका, दात?" शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

"जपून ठिवले. धाकट्या नातीचं लगीन हाय अजून."

माझी धाकटी दहावीत आहे. ती समोरच वाढत होती. लाजेल, चिडेल असं मला वाटलं. तिनं वरणाची बादली खाली ठेवली. "आबा, मला तो नको. मला हा पाहिजे," म्हणाली आणि एका नव्या सिनेमातल्या गाण्याचं मधलं म्युझिक गुणगुणायला लागली.

आबांचा घास हातातच थांबला.