तोंडातल्या टाचण्या

भिजवलेले बदाम खाल्ले की विसरलेलं आठवायला लागतं, असा शोध ज्याने कोणी लावला, त्याला एकदा टाचणीबाईंसमोर उभं करायला हवं होतं. बाईंच्या हातात कात्री असताना. रोज सकाळी सूनबाई वाटीत बदाम घेऊन यायची, शेजारी दोन अक्रोड ठेवायची आणि बाईंनी ते चावून गिळेपर्यंत दारात उभी राहायची. मग आतून दाढी करता करता मुलगा विचारायचा, "आई, काल रात्री भाजी कुठली होती?"

"अळणी," बाई म्हणायच्या. उत्तर बरोबर होतं, पण त्याला मार्क मिळत नसत.

टाचणीबाई शिवणकाम करायच्या. पहिल्या मजल्यावरच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे त्यांचं दुकान. खिडकीपाशी पायाचं मशीन, भिंतीला कापायचं टेबल, कोपऱ्यात ज्यांचे मालक कधी परत येतील याचा भरवसा नाही अशा कपड्यांचा ढीग. नवरा गेला तेव्हा मुलगा पाळण्यात होता. त्या मशीनने त्याला मोठं केलं, शिकवलं, सुटाबुटाच्या नोकरीला लावलं, आणि तो सूटही त्याच मशीनवर शिवला गेला. माप घेताना, दुमड धरताना बाई टाचण्या ओठांत धरायच्या. एका हातात कापड, दुसऱ्या हातात खडू, मग टाचण्या ठेवायच्या कुठे? टाचण्यांची उशी होती, पण ती नेहमी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. त्यामुळे गल्लीने त्यांचं खरं नाव कधीच सोडून दिलं होतं.

आता ओठांत टाचण्या असल्या की माणसाला एकच शब्द बोलता येतो. "हं." गिऱ्हाईक म्हणालं बाही जरा सैल करा, की "हं." शेजारीण म्हणाली पाणी गेलंय, की "हं." हा "हं" म्हणजे होकार नव्हे, नकारही नव्हे. त्याचा अर्थ इतकाच, की बाई जिवंत आहेत आणि सध्या दुमड सरळ रेषेत बसवताहेत. हे सगळ्यात आधी कोणाला कळलं असेल तर त्यांच्या मुलाला. लहानपणी तो बरोबर वेळ साधून यायचा. आईच्या ओठांत टाचण्या दिसल्या की दारातून ओरडायचा, "आई, मी तलावावर पोहायला जाऊ?" आतून "हं" आला की पोरगा पसार. संध्याकाळी ओल्या केसांनी घरी आला आणि कान धरला की साळसूदपणे म्हणायचा, "विचारूनच गेलो होतो. तू हं म्हणालीस." बाई हसायच्या आणि मग दोन धपाटेही घालायच्या.

तोच मुलगा आता आईची स्मरणशक्ती सुधारायला निघाला होता.

झालं असं, की नातीला शाळेतून आणायचं काम सुनेचं. एक दिवस तिला कचेरीत उशीर होणार होता. सकाळी चपला घालता घालता ती बाईंना म्हणाली की आज तुम्ही आणा, आणि गेली. बाई गेल्याच नाहीत. दिवे लागायची वेळ झाली तरी सात वर्षांची पोर फाटकाशी शिपायाच्या स्टुलावर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. घरी आली ती रडून रडून डोळे सुजवून.

"मला कोणी सांगितलंच नाही गं," बाई म्हणाल्या.

"सांगितलं होतं, आई. तुम्ही हं म्हणालात."

सून खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती, हे बाईंना माहीत होतं. म्हणून त्या गप्प बसल्या. आणि ती गप्प बसण्याची एक चूक त्यांना चांगलीच महागात पडली, कारण दुसऱ्याच दिवसापासून घराची शाळा झाली. मुलाने मोबाइलवर कुठेसं वाचलं की डाव्या हाताने दात घासले की मेंदू तरतरीत होतो. बाईंनी घासले. निम्मी पेस्ट हनुवटीला लागली. शंभरातून सात सात वजा करत उलटं मोजायचं, म्हणे. रोज एक कविता पाठ करायची, शब्दकोडं सोडवायचं, भेटलेल्या माणसाचं नाव तीनदा मोठ्याने घ्यायचं. बाईंनी भाजीवाल्याचं नाव तीनदा घेतलं, तर तो घाबरून म्हणाला, "काय चुकलं माझं?" गॅसजवळ चिठ्ठी, नळाजवळ चिठ्ठी, दारावर चिठ्ठी. स्वतःचा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारा मुलगा त्या चिठ्ठ्या लिहीत होता! काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण परीक्षा मात्र आईची.

हे सगळं बाईंनी एक वेळ सोसलं असतं. पण मग मुलाने जेवताना विषय काढला. "आई, त्या मशीनच्या नादात तुझं कशातच लक्ष राहत नाही. आता पुरे कर. जुन्या मशिनांचा एक व्यापारी आहे, महिनाअखेरीला बघायला येतोय. ती खोली मोकळी होईल, तूही मोकळी होशील."

"मोकळी होऊन काय करू?"

"आराम कर. कोडी सोडव."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या आगीच्या तळाशी भीती होती, आणि ती त्यांनी कोणालाच सांगितली नाही. सून खरं बोलतेय, म्हणजे आपण ऐकलं होतं. ऐकलं होतं आणि एवढी पोरीची गोष्ट डोक्यातून साफ पुसली गेली. आज ही गेली, उद्या काय जाईल? अंघोळ करताना त्या जुन्या गिऱ्हाइकांची नावं आठवून बघायच्या. एखादं अडलं की पाणी तसंच वाहू द्यायच्या आणि भिंतीकडे बघत राहायच्या.

त्याच आठवड्यात बँकेत नोकरी करणारी एक बाई शिवायला टाकलेला झगा न्यायला आली, अंगावर घालून पाहिला आणि चिडली. "अहो, बाह्या अर्ध्या करा म्हटलं होतं ना? तुम्ही हं म्हणालात की!"

"कधी म्हटलंत?"

"माप देताना. तुम्ही खाली बसून घेर धरत होतात. तोंडात टाचण्या होत्या तुमच्या."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. विसरलेली गोष्ट दुसऱ्याने सांगितली की कुठेतरी काहीतरी हलतं, अंधुक का होईना. इथे काहीच हलत नव्हतं. कारण ते डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. आणि त्या दिवशी सकाळी, सून चपला घालत होती तेव्हा आपण काय करत होतो? समोरच्या शेजारणीच्या परकराची दुमड धरत होतो. बाईंनी बँकवालीच्या बाह्या तिथल्या तिथे, फुकटात, आनंदाने कापून दिल्या.

रात्री त्यांनी हे जेवणाच्या टेबलावर सांगितलं. मुलगा हसला. "आई, आता टाचण्यांवर ढकलू नकोस हं. अक्रोड खाल्लेस का आज?"

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! ज्याने सगळं लहानपण त्या एका "हं"वर तलावात डुंबत काढलं, तो हे बोलत होता. बाईंनी आपलं ताट उचललं. तशीही अक्रोड चावून त्यांची मागची दाढ तडकली होती, त्यामुळे फार बोलणं दुखत होतं.

रविवारी हॉलचे नवे पडदे लावायचे होते. खालची दुमड धरायला बाईंनी मुलाला गुडघ्यांवर बसवलं. "माझी कंबर धरते, तू टाचण्या लाव. ओठांत धर, म्हणजे हात मोकळे राहतील." मुलगा टाचण्या ओठांत धरून, डोळे बारीक करून कापडाची रेषा बघू लागला. त्याच्या डोक्यावरून, अगदी साध्या आवाजात बाई म्हणाल्या, "गुरुवारी सहाला मला दातांच्या डॉक्टरकडे ने. दाढ काढायचीय. मी खाली फाटकाशी उभी राहीन."

"हं," मुलगा म्हणाला.

गुरुवारी बाई ठेवणीतली साडी नेसून सहाच्या आधीच खाली उतरल्या. इमारतीच्या वॉचमनने स्टूल दिलं. दाढ ठणकत होती, गाल सुजला होता. रस्त्यावरचे दिवे लागले. कामावरून आलेली सून फाटकात थबकली. "आई, इथे का बसलात?"

"कोणीतरी न्यायला येणार आहे," बाई म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. सून घाबरून त्यांच्या शेजारी उभी राहिली. बऱ्याच वेळाने मुलाची गाडी आली.

"आई? इथे काय करतेयस?"

"तुझी वाट बघतेय. दाढ काढायला नेणार होतास ना सहाला?"

मुलाने बायकोकडे बघितलं. ती नजर बाईंना पाठ होती. झालं, आता ही नसलेल्या गोष्टी बोलायला लागली. "आई," तो लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "असं काही ठरलं नव्हतं."

"रविवारी सांगितलं. पडद्याची दुमड धरत होतास. हं म्हणालास."

"मी? शक्यच नाही. मला अजिबात..."

तो थांबला. त्याचा हात आपोआप ओठांकडे गेला. सुनेने तोंडावर पदर धरला, आणि मग हळूच म्हणाली, "आई, त्या दिवशी सकाळी... तुमच्या तोंडात टाचण्या होत्या. परकर होता मांडीवर. मला दिसलं होतं. मी घाईत होते."

"मग उद्यापासून याला बदाम दे," बाई कडाडल्या. वॉचमन दोन पावलं मागे सरकला. "अक्रोड दे, दाढा पडेपर्यंत दे. डाव्या हाताने दात घासायला लाव. शंभरातून सात वजा करू दे, आणि गाडीच्या काचेवर चिठ्ठी लाव, आईला न्यायचंय म्हणून! अरे, माणसाला आठवावं असं वाटत असेल तर आधी त्याच्यासमोर उभं राहून सांगावं लागतं. त्याच्या तोंडाकडे बघून. चपला घालता घालता भिंतीला सांगायचं आणि भिंतीला आठवलं नाही म्हणून तिचा मेंदू तपासायचा?"

"आई, चल, आधी दाढ..."

"दाढ गेली खड्ड्यात! तू तर लहानपणापासून ओळखतोस तो हं. जगात तुझ्याइतका तो कोणी ओळखत नाही. तू माझं मशीन विकायला काढलंस."

"मशीन नाही विकत," मुलगा म्हणाला. "आत्ता फोन करून सांगतो त्याला."

"ते राहीलच. मी हलवूच देणार नव्हते." बाईंचा आवाज चिरकला, सुजलेल्या गालाने तो आणखीच वेडावाकडा झाला. "पण इतके दिवस अंघोळीच्या पाण्याखाली उभी राहून मी माणसांची नावं आठवत होते रे. उद्या तुझं नाव आठवेल की नाही, अशी भीती वाटत होती मला. पोरीला रडवल्याचं ओझं घेऊन झोपत होते. त्याचं काय?"

मुलगा मान खाली घालून किल्ल्यांशी चाळा करत राहिला.

"हं," तो शेवटी म्हणाला.

बाईंनी त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं. "आत्ता टाचण्या नाहीत तुझ्या तोंडात. नीट बोल."