मागच्या रांगेला सेव्ह नाही

"फ्लॉपी बाहेर. चपलांपाशी ठेवून ये."

सर एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही, हजेरी घेत होते. मी लॅबच्या दारात उभी. चपला काढलेल्या, पायाखाली गार फरशी, हातात काळी फ्लॉपी. माझ्या पुढून केतकी आत गेली. तिच्याही हातात फ्लॉपी होती. अगदी तशीच. संस्थेनं सगळ्यांना एकाच खोक्यातून वाटलेली.

मी विचारलं, "सर, तिची?"

"तुला तुझं सांगितलं ना?"

पुढच्या रांगेतून एक पोरगा म्हणाला, "स्कीमवाल्यांच्या फ्लॉपीत व्हायरस असतो." हशा झाला. सर हजेरीत मान खाली घालून हसले. मी ते हसू बघितलं.

बाहेर गॅलरीत चपलांची लोखंडी फळी होती. तिच्यावर बुटाचं एक रिकामं खोकं. त्यात आमच्या फ्लॉप्या. दुपारच्या बॅचला तिथं थेट ऊन यायचं. उन्हात फ्लॉपी खराब होते, हे याच सरांनी आम्हाला पहिल्या तासाला शिकवलं होतं. चाचणीत विचारलंही होतं. आम्ही बरोबर लिहिलं होतं.

ही गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची. नाशिकला कॉलेज रोडवर संगणकाचे क्लास गल्लोगल्ली निघाले होते. त्यातल्याच एका संस्थेत आम्ही सरकारी सवलतीवर आलो होतो. सवलत कुणाला मिळते हे सांगायला नको. फॉर्मवर जात लिहिली की पुढचं सगळं आपोआप व्हायचं. पुढच्या रांगा फी भरणाऱ्यांच्या, भिंतीकडची शेवटची रांग आमची. कुठं पाटी नव्हती. पाटीची गरजच काय?

माझा बाप, अप्पा, सातपूरला पत्र्याचे सुटे भाग दाबणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये हेल्पर. त्यांच्याच कंपनीत ऑफिसात डाटा एंट्रीला पोरी घेत होते, पण सर्टिफिकेट हवं. अप्पांनी साहेबाला सांगून ठेवलं होतं, "पोरगी पास झाली की आणतो." त्या एका वाक्यावर आमच्या घराचं वर्ष चाललं होतं. मला पास व्हायचंच होतं.

आणि पास होण्याची किल्ली होती प्रश्नसंच. दर आठवड्याला संस्थेच्या वेबसाइटवर तो यायचा. वर्ड डॉक्युमेंट. परीक्षा त्यातूनच. लिंकवर क्लिक केलं की ब्राउझर विचारायचा, उघडू की सेव्ह करू? पुढच्या रांगा सेव्ह करायच्या, फ्लॉपीत घ्यायच्या, घरी जाऊन वाचायच्या. आम्ही सेव्ह दाबलं की एक चौकट यायची. ही सोय उपलब्ध नाही. फाइल मेनूतलं 'सेव्ह अ‍ॅज' तर पुसटच झालेलं, त्याच्यावर माऊस नेला तरी हलायचं नाही. आम्हाला फक्त उघडता यायचं. बघायचं. तास संपला की बंद.

म्हणून आम्ही काय करायचो? स्क्रीनवरून वहीत उतरवून घ्यायचो. संगणकाच्या वर्गात बसून, संगणकासमोर, पेननं. माझ्या शेजारी सुनंदा बसायची. पेठ तालुक्याकडची पोरगी, आश्रमशाळेत शिकून आलेली. ती वरचे प्रश्न घ्यायची, मी खालचे. बसस्टॉपवर एकमेकींचे उतरवायचो. आकृत्या तर निम्म्या राहायच्याच.

सरांना विचारलं तर म्हणाले, "तुमची मशीनं जुनी आहेत. त्यांच्यात होत नाही."

आम्ही मानलं. याचा मला आजही संताप येतो. सरांनी फसवलं याचा नाही तेवढा. एक बटण पुसट दिसलं आणि आपल्या वाट्याला असंच असणार, असं आम्ही सगळ्यांनी न बोलता धरून चाललो, याचा. हे कुणी शिकवलं आम्हाला? संस्थेनं तर नाही. हे आम्ही घरूनच शिकून आलो होतो.

मग एका दुपारी पुढच्या रांगेतलं एक मशीन बंद पडलं. नेमकं केतकीचं. सर म्हणाले, "तू जरा ऊठ गं, तिला बसू दे." मला. मी उठले. माझ्याच खुर्चीमागं उभी राहिले. केतकीनं प्रश्नसंचावर क्लिक केलं, सेव्ह दाबलं. चौकट आली. ही सोय उपलब्ध नाही.

केतकी चिडली. "सर, हे काय आहे? सेव्हच होत नाहीये."

"थांब, थांब." सर आले. वाकले. स्टार्टमध्ये जाऊन काहीतरी टाइप केलं. एक लांबलचक यादी उघडली. तिच्यातल्या एका ओळीवर क्लिक केलं आणि एक गोल ठिपका एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेला. ब्राउझर बंद केला, पुन्हा उघडला. "कर आता."

झालं सेव्ह.

त्याच मशीनवर. जुन्या.

केतकीची फ्लॉपी आत गेली, फाइल घेतली, फ्लॉपी बाहेर आली. केतकी उठली. सर बसले. पुन्हा ती यादी, पुन्हा ती ओळ, आणि तो ठिपका परत होता तिथं. मग मला म्हणाले, "हं. बस."

मी बसले नाही.

म्हणजे मशीन जुनं नव्हतं. इंटरनेटला आमची जात कळत नव्हती. एका माणसानं बसून, आमच्या रांगेतलं एकेक मशीन उघडून, हातानं तो ठिपका सरकवला होता. आणि आत्ता माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा सरकवला होता. मी बघतेय याची त्याला लाजही वाटली नव्हती. मी बघितलं तरी मला काही कळेल, असं त्याला वाटलंच नव्हतं.

"सर, ते परत बंद का केलंत?"

"काय?"

"सेव्ह. तिच्यासाठी चालू केलंत, माझ्यासाठी बंद केलंत."

सर म्हणाले, "हे बघ, तुम्ही फ्लॉप्या घेऊन कुठंकुठं फिरता. व्हायरस येतो. मशीनं खराब होतात."

"केतकीच्या घरी कॉम्प्युटर आहे. तिची फ्लॉपी त्यात जाते. आमच्यात कुणाच्या घरी कॉम्प्युटर नाही. मग आमच्या फ्लॉपीत व्हायरस येणार कुठून? भाकरीच्या तव्यातून?"

या वेळी कुणी हसलं नाही.

"जास्त बोलू नकोस. फुकट शिकायला मिळतंय ते शीक."

"फुकट नाही. आमची फी सरकार भरतं. तुम्ही घेता."

सुनंदानं माझा ओढणीचा शेव धरून खाली ओढला. "गप ना गं बाई. कशाला नडतीस? मला परीक्षा देऊ दे."

मी शेव सोडवून घेतला. गॅलरीत गेले. खोकं उचललं. चपलांची धूळ बसलेलं ते खोकं आत आणलं आणि सरांच्या टेबलावर, हजेरीच्या रजिस्टरवर ठेवलं. त्यातली माझी फ्लॉपी काढून माझ्या मशीनमध्ये घातली. आणि मी म्हणाले, "आता तो ठिपका सरकवा. माझ्यासाठी. अख्ख्या रांगेसाठी. नाहीतर सगळ्यांसमोर खरं कारण सांगा."

सरांनी ठिपका सरकवला नाही. भिंतीवरचं बटण दाबलं. अख्ख्या मागच्या रांगेचे पडदे एकदम काळे झाले.

"उद्यापासून येऊ नकोस."

आमच्या रांगेतलं कुणीही उठलं नाही. सगळे काळ्या पडद्याकडे बघत बसले. केतकी तेवढी जिन्यापर्यंत मागं आली. "अगं, खरंच सांगते, मला माहीतच नव्हतं."

मी म्हणाले, "तुझं बटण कधी पुसट झालं नाही, म्हणून माहीत नव्हतं. आता झालंय ना माहीत? मग जा आत आणि बोल."

ती गेली आत. बोलली नाही.

घरी अप्पा उखडले. "एक बटण दाबायला मिळालं नाही म्हणून कोर्स सोडलास?"

"सोडला नाही. काढलं मला."

"एकच ना ते? साहेबाला आता काय तोंड दाखवू?"

सर्टिफिकेट गेलं, नोकरी गेली. सुनंदा पास झाली, मला भेटायची बंद झाली. संस्था आहे तिथंच राहिली. हे मी झाकून ठेवणार नाही. लढलं की लगेच जिंकतो, असं सांगणाऱ्यांची भाषणं मी खूप ऐकलीत. मी हरले होते.

पण त्याच आठवड्यात मी आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. हातानं लिहून झेरॉक्स काढल्या आणि संस्थेच्या दारात उभं राहून वाटल्या. वर मोठ्या अक्षरात एकच प्रश्न: मागच्या रांगेला सेव्ह का नाही? वॉचमननं हाकललं. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. तिथून वाटल्या. एका पोरीनं पत्रक घेतलं, तिथंच वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि आत गेली. मागच्या रांगेत बसणारीच असणार. तिनं ते फेकलं नाही, एवढं मी पाहिलं.

आज फ्लॉप्या गेल्या, पेनड्राइव्ह आले. योजना ऑनलाइन आल्या. साहेब लोक सांगतात, सगळं नेटवर टाकलंय, बघून घ्या. बघून घ्या! तुम्ही बघायला दिलंत म्हणून आम्ही हात जोडायचे? ज्ञान दाखवायचं आणि हातात द्यायचं नाही, हा तुमचा जुनाच धंदा. यंत्र तेवढं नवीन घेतलंत.

तर ऐका. आता मी सटाण्यापासून त्र्यंबकपर्यंत जिथं जिथं सवलतीच्या पोरांची लॅब आहे तिथं जाते. परवानगी मागत नाही. सगळ्यात मागच्या मशीनवर बसते, एक डॉक्युमेंट उघडते आणि सेव्ह दाबते. झालं तर शेजारच्या मशीनवर सरकते. नाही झालं तर तिथंच बसून राहते, आणि आता माझ्याबरोबर अख्खी रांग बसून राहते. पडदे काळे करा, वॉचमन बोलवा, पोलीस बोलवा.

सेव्ह झाल्याशिवाय खुर्ची सोडणार नाही.