पन्नास सेंटिमीटरचा पंख

जे सांगणार आहे ते मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ बोलायलाच पाहिजे होतं त्या काकाजींजवळ तर नाहीच. पण आधी काकाजी कोण ते सांगतो, कारण त्यांच्याविषयी बोलायला लागलं की मला जरा धीर येतो. दुर्गपासून रायपूरपर्यंत रेल्वेलाइनीच्या दोन्ही अंगांना जेवढी माणसं आजवर जन्मली असतील, त्यांत जगातली प्रत्येक वस्तू किती वाकडी आहे हे कोणी न विचारता सांगणारा माणूस एकच झाला, तो म्हणजे आमचे काकाजी. नात्याने ते माझे कोणी नाहीत. आम्ही भिलाईच्या सेक्टरमध्ये, म्हणजे स्टील प्लांटच्या वसाहतीत होतो तेव्हा ते वरच्या क्वार्टरात राहत. मूळचे भंडाऱ्याकडचे, वडील रेल्वेत गार्ड, आणि स्वतः ते प्लांटच्या पॅटर्न शॉपमधून रिटायर झालेले. पॅटर्न म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं पोलाद ओतायचं. हे काम मी त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि आता जामुलकडच्या एका लहान फाउंड्रीत तेच करतो. माझी पन्नाशी उलटली तरी चारचौघांत ते माझी ओळख "हा माया हातचा पोरगा" अशीच करून देत, आणि मी खाली मान घालून खूश होत असे.

काकाजींची नजर म्हणजे त्यांच्या घरच्यांना कायमची डोकेदुखी होती. लग्नात गेले की अक्षता पडायच्या आत डेकोरेशनवाल्याला बाजूला घेऊन सांगणार, स्टेज डावीकडे दीड इंच बसलंय. टेलरला स्वतःची मापं कागदावर लिहून नेऊन देणार, आणि खाली किती कमीजास्त चालेल तेही लिहिणार. एकदा आमच्या ओळखीत एकाच्या तेराव्याला गेलो. काकाजी गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर हात जोडून इतका वेळ उभे राहिले की त्या घरच्या बायकांना पुन्हा रडू फुटलं. मग त्यांनी हळूच एक दोरा आणि एक नट मागितला, ओळंबा करून फोटोच्या कडेला धरला आणि खिळा ठोकून फोटो सरळ केला. बाहेर आल्यावर मी रागावलो, तर म्हणतात कसे, "जिंदगीभर सरळ वागला बिचारा. मेल्यावर काऊन वाकडा लटकवून राहिले त्याले?"

दुसरं वेड आकसण्याचं. वितळलेलं पोलाद थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मुळात थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी आमच्या धंद्यात एक वेगळी पट्टी असते, श्रिंकेज स्केल. दिसायला साध्या स्टीलच्या पट्टीसारखीच, पण तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा दोन टक्क्यांनी लांब. काकाजींनी ही दोन टक्क्यांची सवय घरात आणली होती. काकूंनी पोळी लाटली की "तव्यावर आकसन, आणखी मोठी लाट" म्हणत. जावयाने पगार सांगितला तरी मनातल्या मनात आकसवून घेत.

आणि अशा माणसाने रिटायर झाल्यावर काय करायला घ्यावं, तर पाण्यावर उतरणारं विमान. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी, कुठल्याशा बदलीच्या गावी, तलावावर असं एक विमान उतरताना पाहिलं होतं. खाली होडीचं पोट, वर पंख, पंखांवर चार इंजिनं. गार्डसाहेबांनी ती हकिकत मुलाला इतक्यांदा सांगितली की शेवटी मुलानेच ते विमान न बघता पाहिलं. पेन्शन सुरू झाली तसे काकाजी काकूंना म्हणाले, "आता जहाजाचं पाहू." काकूंना वाटलं, अंदमानची टूर. त्यांनी दोन नव्या साड्यांना फॉलसुद्धा लावून घेतला. मग कळलं की हे हवाई जहाज आहे आणि ते पुढच्या खोलीतच येणार आहे, खऱ्याच्या बत्तीसाव्या हिश्शाएवढं, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मीटरभराहून जास्त. समुद्र भिलाईपासून एक रात्र आणि एक दिवस लांब. खालचे साहूजी जिन्यात भेटले की विचारत, "काकाजी, ये उड़ेगा कि तैरेगा?" काकाजी न थांबता सांगत, "पहले बनेगा." ठरलं मात्र होतं, पुरं झालं की मरोद्याच्या तलावात नेऊन सोडायचं.

रीत त्यांची धंद्याचीच. लाकडाचा नमुना कोरायचा, त्यावर रबराचा साचा घ्यायचा आणि साच्यात रेझिन ओतायचं. रेझिन म्हणजे दोन बाटल्यांतली दोन पातळ द्रव्यं. एकत्र झाली की ती घट्ट होऊन दगडासारखी होतात. आता भिलाईचा मे महिना. मगात मिसळेपर्यंत मगातच दगड. काकूंचे तीन मग, एक पळी आणि लोणच्याची एक बरणी अशी त्या विमानाच्या पोटी गेली. शेवटी काकाजींनी बाटल्या फ्रिजमध्ये दह्याशेजारी ठेवायला सुरुवात केली, आणि दही अन् रेझिन यांत आधी काय लागतं यावर नवराबायकोत रोज सकाळी पैजा लागू लागल्या. इंजिनांचे सिलिंडर वाळवायला ताटलीत ठेवले होते, पिवळसर, इवलेसे. व्याही आले, बोलता बोलता शंकरपाळा म्हणून एक तोंडात टाकला आणि चावला. व्याह्यांचा दात हलला. काकाजी त्यांच्याकडे पाणी धरून म्हणाले, "गिळू नका फक्त. डाव्या इंजिनाचा आहे तो."

त्या विमानाच्या पोटात त्यांनी प्रवाशांच्या खुर्च्या केल्या, खुर्च्यांना पट्टे केले, मागे एक बेसिन केलं, बेसिनला नळ केला. पोट बंद झाल्यावर यातलं काही म्हणजे काही दिसणार नव्हतं. मी म्हटलं, "काकाजी, हे कोणाले दिसन?" ते नळ चिमट्यात धरून होते. म्हणाले, "मले मालूम राहीन ना."

सगळ्यात जपत असत ती त्यांची साधी स्टीलची पट्टी. काकूंनी जुन्या लुगड्याची खोळ शिवून दिली होती; पट्टी त्या खोळीतून निघायची आणि खोळीतच जायची. श्रिंकेज स्केल घरात आणायची सक्त मनाई, कारण चुकून ती साध्या कामाला वापरली गेली तर सत्यानाश. शॉपमधल्या त्यांच्या एका जिवलग मित्राने घरच्या खिडकीची चौकट घाईत त्या दुसऱ्या पट्टीने मापली होती. चौकट भिंतीत जाईना. तेव्हापासून काकाजींनी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच्या मुलीच्या लग्नाला गेले, पंगतीला बसले, जिलेबी दोनदा घेतली, आहेर मात्र दुसऱ्याच्या हाताने पोचवला. पट्टीची अदलाबदल काकाजी माफ करत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. मला तर फारच.

विमानाचा डावा पंख झाला, उजवा राहिला, आणि काकाजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. ते आठवडाभर पट्टी हातात घेणार नव्हते. वैशाली नगरातल्या आमच्या घरी स्वयंपाकघरात मांडणी करायची होती, म्हणून काकूंना सांगून मी ती पट्टी घेऊन गेलो. मांडणी झाली. अजून आहे, सरळ आहे. परत करायला गेलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन पट्ट्या होत्या, त्यांची आणि माझी फाउंड्रीतली श्रिंकेज स्केल, जिच्यावरचा दोन टक्क्यांचा शिक्का घासून घासून पुसट झालेला. काकू चहा घे म्हणत होत्या, मला बस पकडायची होती. न बघता एक पट्टी खोळीत सरकवली आणि खोळ टेबलावर ठेवली.

काकाजी ऑपरेशनमधून उठले ते नव्या जावयासारखे. "नवा डोया आहे बाप्पा. केस उभा चिरून देतो." त्या नव्या डोळ्याने त्यांनी उजवा पंख आखला, कोरला, साचा घेतला, ओतला. खोळीतून आपलीच पट्टी निघणार, यात त्यांनी शंका घ्यावी तरी कशाला.

मग एका रविवारी त्यांनी मला बोलावलं. दोन्ही पंख टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. मोजायची गरजच नव्हती. उजवा करंगळीच्या रुंदीएवढा बाहेर आलेला. मी टेबलावरच्या पट्टीकडे पाहिलं. तिच्या टोकाला माझा पुसट शिक्का. त्यांची पट्टी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती; फाउंड्रीत दुसरी श्रिंकेज स्केल असल्याने मी ती बाहेर काढलीच नव्हती.

तेवढ्यात काकू डोळ्यांत टाकायचं औषध घेऊन आल्या. औषध घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. काकाजी तिथेच दिवाणावर आडवे झाले. काकू आत गेल्या. माझ्यापासून दोन पावलांवर ते डोळे मिटून पडले होते, गालावर औषधाचा एक ओघळ. मी पिशवीतून त्यांची पट्टी काढली, टेबलावर ठेवली आणि माझी पट्टी पिशवीत टाकली. आवाज होऊ नये म्हणून खालचं वर्तमानपत्र जरा सरकवून घेतलं. हे सगळं इतक्या सफाईने केलं की त्यांनी पाहिलं असतं तर हाताचं कौतुक केलं असतं.

ते उठले. पट्टी घेतली, भिंग घेतलं. डावा पंख पन्नास. उजवा एक्कावन्न. पुन्हा मोजलं. जो माणूस एकदा मोजलं की दुसऱ्यांदा कधी मोजत नसे, त्याने माझ्यादेखत चारदा मोजलं. मग पट्टी खोळीत घातली आणि म्हणाले, "डावा मोतीबिंदूत केला तो बरोबर, अन् नव्या डोयानं केला तो चुकला. म्हणजे डोया नाही. मीच गेलो."

मी म्हटलं, दुसरा ओतू, काकाजी, काय मोठंसं.

"ओतू. पण आता मी मोजीन ते खरं का खोटं, हे मले कोण सांगन?"

सांगणारा समोर उभा होता. मी म्हटलं, "उशीर होऊन राहिला, येतो."

त्यानंतर त्यांनी रेझिन ओतलं नाही. लोकांना वाटलं, वय झालं. टेलरला म्हणू लागले, तूच घे माप. फोटो वाकडे लटकत राहिले. काकूंनी एकदा मुद्दाम लहानशी पोळी वाढली, ते खाऊन उठले. काकूंनी हे मला हसत सांगितलं आणि मग हसू आवरून दाराकडे बघत बसल्या. पुढे दोघं पद्मनाभपूरला मुलीकडे राहायला गेले. जायच्या दिवशी काकाजींनी हत्यारांची पेटी माझ्या हवाली केली, पटाशा, रंधे, भिंग, खोळीसकट पट्टी. "तुया हात पक्का आहे," म्हणाले. मी नको म्हटलं नाही. पेटी रिक्षात घालून घरी आणली.

परवाच्या दिवाळीनंतर त्यांना भेटायला गेलो. ज्या सोफ्यावर ते बसले होते त्याच्या बरोबर वर कॅलेंडर लटकत होतं, इतकं वाकडं की मलाही दिसत होतं. दुपारभर त्यांनी मान वर केली नाही. कपाटावर विमान चादरीखाली, एका पंखाचं. बोलता बोलता त्यांनीच खिडकीवाल्या मित्राचा विषय काढला. तो मागच्या आठवड्यात येऊन गेला होता, काठी टेकत, इतक्या वर्षांनी.

मी विचारलं, "मग बोलले तुम्ही?"

"बोललो ना. चहा पाजला त्याले."

"पण त्यानं तर पट्टी..."

"पट्टी तर कोणाचीही बदलते बाप्पा. मायीसुद्धा बदलली असती." काकाजींनी बशीतला चहा संपवला. "त्यानं तव्हा दोष गवंड्यावर ढकलला होता. गरीब माणूस, त्याची मजुरी कापली. तेच कबूल कराले आला होता. रडला बिचारा. मी म्हटलं, झालं, आता बस."

इतकं सोपं होतं ते. मधे टीपॉयवर चहाचे दोन कप, आणि ते माझ्याकडेच बघत होते, त्या नव्या डोळ्याने, शांतपणे. मी त्यांना माझ्या मुलीच्या रिझल्टचं सांगितलं. मग बसचं सांगितलं. निघताना त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, काम बरोबर चालू आहे ना. मी हो म्हटलं.

उजवा पंख मी केला आहे. त्यांच्याच पटाशांनी, त्यांच्याच पट्टीने, पन्नास सेंटिमीटर बरोबर. जुन्या लुंगीत गुंडाळून कपाटात ठेवला आहे. नेऊन द्यायला बसने अर्धा तास लागतो. पण तो हातात घेतल्यावर ते विचारतील, तू काऊन केला, आणि तिथे माझं पाऊल अडतं.

पंख म्हणजे काही देणं नाही, तो कोणीही करून दिला असता. काकाजींचं मी एकच देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही. त्यांच्यासमोर बसून, त्यांचे डोळे उघडे असताना, एवढंच म्हणायचं: काकाजी, तुमचा डोया चुकला नव्हता, हात चुकला नव्हता, पट्टी मी बदलली होती.