माणसं शोधून मिळतील

पोलादपूरला स्टँडजवळ आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पण बोर्डावर लिहिलेली कामं कमी आणि माणसं शोधायची कामं जास्त! ‘ताई, जरा नेटवर बघा ना, हा माणूस कोण हाय?’ असं म्हणत कोणीतरी येतंच. रोज एक नवा किस्सा घडतो. मागचा विसरायच्या आत सांगून टाकलेला बरा.

वरच्या वाडीतले एक काका मुलीला आलेल्या स्थळाची चौकशी करायला आले. ‘पोरगा पितो काय, तेवढं बघा.’

‘काका, असं कोण फेसबुकवर लिहितं?’

तरी त्याचे फोटो शोधून दाखवले. एका फोटोत सगळ्या मित्रांच्या हातात ग्लास आणि नवरदेवाचा हात पाठीमागे! काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

‘पितो,’ ते म्हणाले, ‘पण लपवतो. म्हंजे घरात कोणाचा तरी धाक हाय. बोलणी करू!’

एका गवंड्याला आपलं नाव दुसऱ्यांच्या फोनवर कसं दिसतं ते बघायचं होतं. लोकांनी नंबर ज्या नावाने सेव्ह केलाय ते दाखवणारं ॲप असतं ना, त्यात टाकला. नाव आलं, ‘उद्या येतो गवंडी’! बिचारा ओशाळला. आमचे हे म्हणाले, ‘बदलता येतं हो. दोन मिनिटं बसा, आत्ताच करू.’

गवंड्याने पिशवी उचलली. ‘आज नको. उद्या येतो!’

आमच्या निवृत्त गुरुजींनी स्वतःचंच नाव शोधायला लावलं. त्यांचा मागमूस नाही, पण त्याच नावाचा नागपूरचा एक डॉक्टर सापडला. मला वाटलं, गुरुजी हिरमुसतील. ते खूश! ‘त्याला माझा आशीर्वाद पाठव. म्हणावं, नाव चांगलं चालवतोयस.’

मतदारयादीत नाव शोधायला एक मावशी आल्या. नवऱ्याचं नाव विचारलं, तर घेईनात. जुन्या बायका नाहीच घेत. शेवटी म्हणाल्या, ‘चैत्रात जन्मला तो देव.’

‘चैत्रात दोघं मावशी. राम का मारुती?’

पदर तोंडाला लावून म्हणाल्या, ‘आमच्याला शेपूट नाय!’

आणि मग पारूबाई. सत्तरीच्या, डोंगरावरच्या वाडीतून आलेल्या. एक डोळा गेलेला, दुसऱ्याची डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. ‘डोळा हाय तवर चंद्रीला एकदा बघायची हाय गो.’

चंद्री ही त्यांची लहानपणीची मैत्रीण. दोघी एकत्र गुरं राखायच्या. रोज सकाळी पारूबाई चंद्रीच्या दारात जाऊन तिच्या आईला, काकीला, विचारून तिला घेऊन जायच्या. पारूबाई आधी सासरी गेल्या, मागून चंद्री लग्न होऊन मुंबईला गेली. पुन्हा भेट नाही. मी सगळीकडे शोधलं. सापडेल कशी? लग्नात सासरच्यांनी नाव बदललेलं, आणि नवं नाव पारूबाईंना ठाऊकच नाही!

शेवटी त्यांच्या माहेरच्या गावच्या मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर चंद्रीचं माहेरचं नाव आणि तिच्या वडलांचं नाव टाकलं. तिसऱ्या दिवशी एका बाईचा फोन आला. ‘ही तर माझी आई!’ मला इतका आनंद झाला की दुकानात सगळ्यांना चहा पाजला.

पारूबाईंना बोलावून व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर चंद्रीच होती. पांढरे केस, तोंडात दात नाहीत. पारूबाईंनी फोन चांगल्या डोळ्याजवळ नेला. बराच वेळ बघितलं. मग घाईघाईने पदर डोक्यावर घेतला आणि अदबीने विचारलं,

‘काकी, चंद्री हाय काय घरात?’

पलीकडची म्हातारी डोळे पुसत म्हणाली,

‘हाय गो. ये, आत ये.’